परत गेलेल्या चिठ्ठ्या

७ ऑगस्ट, शनिवार

बाईंनी बोलावलं म्हणून गेले. दुसऱ्या कुणी बोलावलं असतं तर सुट्टीचा दिवस दिला नसता.

बाई म्हणजे माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मी शिकत होते तेव्हा त्या विज्ञान शिकवायच्या. दहावीनंतर मला तंत्रनिकेतनात पाठवायला बाबा तयार नव्हते, तेव्हा त्या घरी आल्या, दोन तास बसल्या आणि होकार घेऊनच उठल्या. आज मी कारखान्यात काम मोजते. म्हणजे पंख्यांचे रेग्युलेटर जोडणाऱ्या बायकांच्या बाजूला स्टॉपवॉच घेऊन उभी राहते आणि कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते लिहिते. हे बाईंमुळे. त्यांना तसं कधी बोलून दाखवलेलं नाही. मला ते जमत नाही.

"मुली नुसत्या हुशार होऊन भागत नाही गं," बाई म्हणाल्या. "चार लोकांसमोर उभं राहता आलं पाहिजे, चारजणींना बरोबर घेऊन जाता आलं पाहिजे. ते तू शिकव."

"मला स्वतःलाच ते येत नाही, बाई."

"मोजता येतं ना? मोजायला शिकव. बाकीचं त्यातून येईल."

आठवी-नववीच्या बारा मुली. शाळेला शनिवारी सुट्टी असते. चित्रकलेची खोली आम्हाला मिळाली, दहा ते बारा. मी एकच नियम सांगितला. प्रत्येक कामाला एक प्रमुख, डोळे मिटून नाव काढायचं. काम संपेपर्यंत स्टॉपवॉच तिच्याकडे आणि शेवटचा शब्दही तिचा. काय मोजायचं, कसं मांडायचं, कुणी काय करायचं, सगळं तीच ठरवणार.

"तुम्हालापण ती सांगणार, ताई?" एकीनं विचारलं. हिला सगळ्या वकील म्हणतात. का, ते पाच मिनिटांत कळलं.

"मलापण."

"आणि तुमचं तिला पटलं नाही तर?"

"तर माझं राहिलं."

बाराजणींनी एकमेकींकडे बघितलं. इतका सोपा नियम, त्यात बघण्यासारखं काय होतं कोण जाणे.

१४ ऑगस्ट, शनिवार

नाव निघालं ते नेमकं सगळ्यांत गप्प मुलीचं. तिला वर्गात सावकाश म्हणतात. चालणं सावकाश, लिहिणं सावकाश आणि उत्तर इतकं सावकाश की विचारणारा प्रश्न विसरून जातो. मनात म्हटलं, पहिलंच काम बोंबललं.

वकिलीणबाईंना गणिताचे सर फळ्याशी किती वेळ बोलतात ते मोजायचं होतं. कुणाला दप्तरांचं वजन. सावकाश स्टॉपवॉच तळहातावर घेऊन बसून राहिली. चार मिनिटं दहा सेकंद. मग म्हणाली, "मधल्या सुट्टीतली रांग."

"कसली रांग?"

"बाथरूमची."

आधी हशा झाला. मग तो मध्येच थांबला आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

मुलींच्या बाजूला पाच दारं आहेत. दोनांना कुलूप, वर 'पाहुण्यांसाठी' अशी पाटी. उरलेल्या तिनांपैकी एकाला आतून कडी नाही, बाहेर मैत्रिणीला दार धरून उभं करावं लागतं. सुट्टी वीस मिनिटांची. मी शाळेत होते तेव्हाही ही दोन कुलपं होती. तेव्हा मी काय करायचे ते मला आठवत नाही.

२१ ऑगस्ट, शनिवार

पद्धत ठरली. रांगेत येणाऱ्या प्रत्येकीला क्रमांकाची चिठ्ठी द्यायची, तीवर यायची वेळ. दाराशी पोचली की चिठ्ठी परत घ्यायची, तीवर आत जायची वेळ. घंटा झाली की उरलेल्यांच्याही परत घ्यायच्या. सहा दिवस मोजायचं. सावकाशनं बाराजणींची कामं वाटली. वकिलीला तिनं रांगेच्या टोकाला उभं केलं, "कारण मध्ये घुसणारीशी भांडायला तूच बरी." वकील खूश.

सूचना एकदाही पुन्हा सांगावी लागली नाही. कारखान्यातल्या सुपरवायझरांना हे जमत नाही.

४ सप्टेंबर, शनिवार

नोंदी हातात आल्या. सहा दिवसांत ६१८ चिठ्ठ्या दिल्या. ४३१ मुली दारापर्यंत पोचल्या. १८७ मुलींचा नंबर लागण्याआधी घंटा झाली आणि त्या वर्गात परत गेल्या. त्यांच्या चिठ्ठ्यांवर यायची वेळ आहे, आत जायची नाही. सरासरी थांबणं आठ मिनिटं चाळीस सेकंद.

सावकाशनं विचारलं, "ताई, या परत गेलेल्यांचा आकडा काय धरायचा?"

"धरायचा नाही. क्रिया पूर्ण झाली नाही तर नोंद सरासरीत येत नाही."

"पण त्या सगळ्यांत जास्त थांबल्या."

"किती, ते माहीत नाही ना? मग मोजता येत नाही."

ती विचार करत राहिली. नंतर त्या १८७ चिठ्ठ्या एका पाकिटात घालून "मी ठेवू?" म्हणाली. म्हटलं, ठेव.

एकाग्रता वाखाणण्यासारखी. दोन तास कामात असते. पाण्याची बाटली जशी काठोकाठ भरून आणते तशीच परत नेते, मध्ये एक घोटसुद्धा नाही.

११ सप्टेंबर, शनिवार

गट सुटल्यावर बाईंच्या खोलीत. पंचवीस तारखेला समितीचे तिघे येणार आहेत. अकरावी-बारावीचे वर्ग शाळेला द्यायचे का, हे ते ठरवतील. पालकही असतील. मुलींच्या गटाचं काम त्यांना दाखवायचं, असं बाईंच्या मनात आहे.

त्यांनी आकडे वाचले. १८७ वर त्यांचं बोट थांबलं.

"हे सरासरीत नाही ना?"

"नाही."

"मग कागदावर कशाला? एका पानात दे. आठ मिनिटं चाळीस सेकंद. सुट्टी वीस मिनिटांची, म्हणजे निम्म्याहून कमी. वाईट नाही. खाली तुझी सही आणि हुद्दा." मग आवाज खाली आणून, "अगं, वर्ग मिळाले नाहीत तर दहावीनंतर यांतल्या किती घरी बसतील, तुला ठाऊक आहे. आधी ते पदरात पडू दे. कुलपांचं नंतर बघू. मी आहे ना!"

त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. पान तिथंच लिहिलं आणि सही केली. मुलींना विचारत बसले असते तर आणखी एक शनिवार गेला असता.

१८ सप्टेंबर, शनिवार

तालीम. सावकाशला पान दिलं. तिनं ते वाचलं, उलटून मागची कोरी बाजू बघितली, पुन्हा वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"आणि परत गेलेल्या?"

"त्याबद्दल बोलणं झालंय आपलं."

वकील मागून म्हणाली, "ताई, स्टॉपवॉच कुणाकडे आहे?"

"ही चर्चा आज नको. वेळ कमी आहे."

कुणी वाद घातला नाही. सावकाशनं पान दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं, आवाज चांगला लागला. बाकीच्या शांत बसून होत्या. पहिल्या दिवशीचा गोंधळ आठवला की फरक जाणवतो. गटाला शिस्त आली आहे.

२२ सप्टेंबर, बुधवार

कारखान्यात जुळणीच्या टेबलावरची सगळ्यांत जुनी बाई म्हणाली, "तुम्ही आलात की आमचे हात चुकतात बघा."

"मी फक्त वेळ लिहिते, मावशी."

"तेच तर! लिहिता तुम्ही आणि भोगतो आम्ही." सगळ्या हसल्या. तिचे हात थांबले नव्हते. अठ्ठावीस सेकंद.

२५ सप्टेंबर, शनिवार

आज झालं ते क्रमानं लिहिते, म्हणजे नंतर मला त्यात रंग भरता येणार नाही.

सभागृहात साधारण दोनशे माणसं. पुढं समितीचे तिघे, त्यांतल्या एक डॉक्टर. बाई व्यासपीठावर. मी पहिल्या रांगेत कडेला. सावकाश उभी राहिली, पानावरचं पहिलं वाक्य वाचलं आणि थांबली. तिची सवय ठाऊक असल्यामुळे मी निर्धास्त होते. मग तिनं पानाची घडी घातली.

"हा कागद आमचा नाही," ती म्हणाली. "याच्यात फक्त ज्यांचा नंबर लागला त्या आहेत. ज्यांचा लागला नाही त्या इथं आहेत." आणि पाकिटातल्या चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या. बाकीच्या अकराजणी उठून तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. न सांगता, न ढकलाढकली करता. म्हणजे सराव झालेला होता. माझ्याशिवाय.

डॉक्टरांनी विचारलं, "ती दोन कुलपं काढली तर?"

"तीन दारांतून एका सुट्टीत बहात्तरजणी होतात. पाचांतून एकशेवीस होतील. रांगेत असतात एकशेतीन." उत्तर लगेच आलं. तिला मी इतक्या पटकन बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आमच्यातल्या नऊजणी घरून निघाल्यापासून घरी जाईपर्यंत पाणी पीत नाहीत. मीपण नाही. शनिवारीसुद्धा नाही. सवयच गेली."

हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. सात शनिवार माझ्यासमोर बसत होत्या.

मग बाई उठल्या. मला वाटलं, मला सावरायला उठल्या. त्या म्हणाल्या, "हा आकडा आमच्या माजी विद्यार्थिनीनं दिला. ती इंजिनिअर आहे. तिनं सही करून दिलं, शाळेनं विश्वासानं घेतलं. त्यातून काही गाळलेलं असेल तर त्याची शाळेला कल्पना नव्हती."

माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. हात कसे झटकतात ते मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी बुटाची नाडी बघत होते.

२६ सप्टेंबर, रविवार

बाईंचं मी समजू शकते. तीस वर्षांची शाळा आहे, घाबरल्या असतील. पण त्या मुलीनं केसानं गळा कापला. मी तिला बोलायला शिकवलं आणि तिचं पहिलं बोलणं माझ्याविरुद्ध. समोर मान डोलवायची आणि मागं सराव करायचे!

वहिनीनं जेवताना विषय काढला. "तू त्या पोरींना पुढारी करणार होतीस ना? मग झाल्या की. आता रुसून का बसलीस?"

"मी रुसत नाही. त्यांनी पाठीमागून केलं."

"आणि तू ते पान कुठून केलंस गं? समोरून?"

दादा हसला. मी ताट उचलून आत नेलं. वहिनीला आमच्या कामाची पद्धत कळत नाही.

२८ सप्टेंबर, मंगळवार

शनिवारचा गट बंद. बाईंचा तीन ओळींचा निरोप, शिपायाच्या हाती. कारण दिलेलं नाही. सावकाशच्या प्रगतिपुस्तकात शेरा पडला आहे: 'शिस्तभंग, वरिष्ठांचा अवमान.' तिच्या वडिलांना बोलावून सही घेतली म्हणे. असा शेरा असेल तर शाळा अकरावीच्या अर्जासाठी शिफारस देत नाही. हे मला वकिलीच्या आईनं फोनवर सांगितलं. फोन मी केला नव्हता. त्यांनीही रागावून केला नव्हता, नुसतं सांगितलं.

३० सप्टेंबर, गुरुवार

कामावरून परस्पर बाईंकडे गेले. त्यांनीच बोलावलं होतं. एक टाइप केलेलं पत्र पुढं सरकवलं. 'चिठ्ठ्यांची पद्धत सदोष होती. मुली अननुभवी असल्यामुळे १८७ हा आकडा विश्वसनीय नाही.' खाली माझं नाव, हुद्दा, सहीची जागा.

"पद्धत सदोष नव्हती, बाई."

"मला ठाऊक आहे. समितीला कुठं ठाऊक आहे? तू सही कर. मी शेरा काढते, गट पुन्हा सुरू करते. आवारातली झाडं मोजा, पक्षी मोजा. पोरींना तेही आवडेल."

"आणि नाही केली तर?"

"तर शेरा राहील. माझ्या हातात काय आहे?" शेरा त्यांच्याच अक्षरातला आहे.

मी गप्प राहिले. गप्प राहिलं की लोक जास्त बोलतात, हे कामावर शिकले आहे. बाईही बोलल्या.

"तुझ्या वडिलांकडे मी येऊन बसले होते, विसरलीस?"

"नाही विसरले."

"संस्थेला त्या वर्षी तांत्रिक शाखेत गेलेली एक मुलगी दाखवायचीच होती. यादीत तू वर होतीस, म्हणून तुझ्याकडे आले. त्याबद्दल मी तुला कधी काही मागितलं? आज मागते आहे."

त्यांना वाटलं, त्या उपकाराची आठवण देताहेत. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. चहा घेणार का विचारलं. मी घेतला. कप बशीत ठेवताना आवाज होऊ दिला नाही.

पत्र घरी घेऊन आले आहे. विचार करून सांगते म्हटलं.

२ ऑक्टोबर, शनिवार

दहा वाजता कुठं जायचं नव्हतं. कपाट आवरलं.

सही केली तर सावकाशचा शेरा जातो. नाही केली तर खरं ते खरं राहतं आणि शेराही राहतो. कागदावर दोन रकाने करून बघितले. दोन्ही बाजू एकाच मापानं मोजता येत नाहीत.

एक गोष्ट तपासण्यासाठी ११ तारखेची नोंद पुन्हा वाचली. 'मुलींना विचारत बसले असते तर आणखी एक शनिवार गेला असता.' हे मी लिहिलं आहे. स्टॉपवॉच तेव्हा सावकाशकडे होतं. वकिलीनं तालमीच्या दिवशी तेच विचारलं होतं. मला वाटलं होतं की ती उद्धटपणा करते आहे.

५ ऑक्टोबर, मंगळवार

बाईंचं पत्र फाडलं नाही. पुरावा फाडत नाहीत. स्वतःचं पत्र लिहायला घेतलं, समितीच्या नावानं: पद्धत योग्य होती, ती मी तपासली होती, १८७ नोंदी माझ्या निर्णयानं वगळल्या. बाईंनी सुचवलं असं लिहायचं की नाही, यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी लिहिलं. चौथा मसुदा बरा वाटतो. शेऱ्याबद्दलही दोन वाक्यं घातली.

मात्र पाठवण्याआधी ते मुलींना दाखवायचं. या वेळी नियम मोडायचा नाही. त्या वाचतील, माझी बाजू त्यांना कळेल. वकिलीच्या आईला फोन करून विचारलं, मुली कुठं भेटतात का. "आमच्या गच्चीवर," त्या म्हणाल्या. "शनिवारी दहाला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

९ ऑक्टोबर, शनिवार

गच्चीवर दहाजणी होत्या. दोघींना घरून सोडलं नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंजी. मी आले तशा सगळ्या उभ्या राहिल्या आणि मला बसायला जागा केली. इतक्या अदबीनं कधी वागल्या नव्हत्या. ते बरं वाटलं नाही.

पत्र सावकाशच्या हातात दिलं. तिनं नेहमीच्या गतीनं वाचलं. कुणी घाई केली नाही. वाचून झाल्यावर तिनं ते वकिलीकडे दिलं, वकिलीनं पुढं.

"छान आहे, ताई," सावकाश म्हणाली. "पाठवा."

"तुम्हाला काही बदलायचं असेल तर..."

"तुमचं आहे ते. आमचं गेलं."

"काय गेलं?"

"सोमवारी," वकील म्हणाली. "तिघांना. आईनं पोस्टात टाकलं. डॉक्टरबाई गुरुवारी आल्या होत्या, मधल्या सुट्टीत, न सांगता. रांगेत उभ्या राहिल्या. आम्ही त्यांनापण चिठ्ठी दिली."

"मग?"

"घंटा झाली." कुणीतरी फसकन हसलं. "काल दोन्ही कुलपं निघाली."

"आणि शेरा?"

"तो आहे," सावकाश म्हणाली. "बाबा म्हणाले, असू दे, मी येऊन भांडीन."

त्यांच्या पत्राची प्रत मागितली. वहीच्या पानावर होती, सावकाशच्या अक्षरात, खाली बारा सह्या. मी नेहमीप्रमाणे पेन्सिल काढून वाचायला बसले. आकडे बरोबर. बेरजा बरोबर. पद्धत चार ओळींत, माझ्या मसुद्यापेक्षा स्पष्ट. मग हे:

'आमच्या ताईंनी १८७ मुलींना मोजलं नाही. का, ते आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांना मोजता येत नाही. मग आम्ही त्यांना एकेक करून विचारलं. दोघी आजारी पडल्या आहेत. ताईंनी मुख्याध्यापिकांच्या सांगण्यावरून दुसरा कागद लिहिला आणि सही केली. तो लिहिताना आम्हाला विचारलं नाही.'

दोनदा वाचलं. माझ्याबद्दल कुणी इतकं वाईट कधी लिहिलेलं नाही, आणि ते तीन अनोळखी माणसांच्या टेबलांवर दोन-चार दिवस पडून आहे. चूक शोधली. सापडली नाही.

"मला आधी का नाही दाखवलंत?" आवाज नीट ठेवला होता, तरी तो मलाच वेगळा ऐकू आला.

सावकाश विचार करत राहिली. मी सेकंद मोजले नाहीत.

"तुम्ही ते दुरुस्त केलं असतंत," ती म्हणाली.